सही देण्याआधी कॉलम उघडून पाहणाऱ्या अभियंता : हर्णैच्या आमच्या घराचे स्ट्रक्चरल ऑडिट

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही हर्णैच्या आमच्या घराचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, चिपळूणच्या एका सल्लागार अभियंता मॅडमकडून करून घेतले आणि त्यानंतरची दुरुस्तीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. काम पुरे होऊन आता एक पावसाळा सरला आहे, म्हणून या सेवेबद्दल सविस्तर लिहायला बसले आहे. मॅडम एकट्याच काम पाहतात, हाताखाली दोनच मुलगे आहेत आणि हाती असलेलेच काम पेलता पेलत नाही, म्हणून नाव जाहीर करू नका असे त्यांनी सांगितले. ती इच्छा मी पाळते आहे. पण त्यांनी काय केले आणि विशेषतः काय करायला नकार दिला हे कळले, तर किनारपट्टीवर स्लॅबचे घर असणाऱ्या कोणालाही आपला अभियंता पारखून घेता येईल असे मला वाटते.

आमचे घर समुद्रापासून सुमारे तीनशे मीटरवर आहे. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते १९९४ साली बांधले. खाली-वर दोन मजले, नऊ इंची कॉलम, मध्ये चिऱ्याच्या भिंती. गेली अकरा वर्षे आम्ही वरच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. खालच्या मागच्या खोलीत आई झोपते. निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, गच्चीवरची पत्र्याची शेड उडून शेजारच्या वाडीत पडली, तेव्हापासून दादाच्या मनात तेथे पक्का मजला चढवून आणखी चार खोल्या काढायचे होते. बँकेने कर्जासाठी इमारत मजबूत असल्याचा दाखला मागितला आणि त्या दाखल्याच्या शोधात आम्ही मॅडमपर्यंत पोहोचलो.

त्यांच्याआधी एक सल्लागार येऊन गेले होते. ते वीस मिनिटे घरात होते. जिना चढून वर गेले, एका कॉलमवर स्कूटरच्या किल्लीने दोनदा ठोकून पाहिले, चहा घेतला आणि आठ हजारांत दोन दिवसांनी दाखला नेऊन जा म्हणाले. मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमला उभी चीर गेली आहे आणि तेथील गिलाव्याचे पोपडे दरवर्षी पडतात, हे मी मुद्दाम दाखवले, तेव्हा समुद्राकाठी हे चालायचेच, वरून सिमेंट मारून रंग द्या, असे त्यांचे उत्तर होते. दादाला ते सोयीचे वाटले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण महाडच्या तारिक गार्डन इमारतीची आठवण मनातून जाईना. २४ ऑगस्ट २०२० रोजी ती पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली आणि सोळा माणसे गेली. ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती, जेमतेम दशकभराची होती. अशा प्रत्येक इमारतीच्या फायलीत कोणाची तरी सही असते, आणि ती सही करताना त्या माणसाने काय पाहिले होते, हा प्रश्न दुर्घटना घडून गेल्यावरच विचारला जातो.

मॅडमनी पहिल्या भेटीत हातोडी किंवा यंत्र बाहेर काढलेच नाही. घरात कोण कोठे झोपते, पाण्याची टाकी कोठे आहे, बांधकामाच्या वेळी वाळू आणि पाणी कोठून आणले होते, सेंट्रिंगवाला कोण होता, हे सर्व त्या वहीत लिहून घेत होत्या. आईजवळ बसून तिच्याकडून त्यांनी बांधकामाच्या दिवसांची सगळी हकीकत ऐकली. नंतर त्यांनी फी सांगितली : तपासण्यांसह अडतीस हजार. त्यातच त्यांनी एक अट सांगितली, की अहवालात जे निघेल ते लिहिले जाईल, दाखला मिळेलच असे धरू नका. दाखला मिळणार नसेल तर पैसे कशाचे, असे दादाने सरळ विचारले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तपासणीचे. दाखला विकत मिळत नाही, दादा."

तपासणी दोन दिवस चालली. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रत्येक गोष्ट सांगत त्या पुढे जात होत्या, आणि मला वाटते या सेवेचा खरा कस तेथेच लागला. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा मोजणारे यंत्र, त्याचे आकडे चांगले आले. आम्ही खूश झालो, तेवढ्यात त्यांनी सांगितले की हे आकडे आपल्या बाजूचे दिसत असले तरी यावर विसंबता येत नाही. हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक होतो आणि हॅमरला तोच थर लागतो. मग त्यांनी एका फोडलेल्या कडेवर फिनॉफ्थॅलिन या रसायनाचा फवारा मारला. काँक्रीटचा गाभा गडद गुलाबी झाला, बाहेरचा पातळ थर मात्र बिनरंगाचाच राहिला. गुलाबी म्हणजे सळईला गंजापासून राखणारी अल्कली तेथे अजून टिकून आहे आणि साधारणपणे सळई सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ. पण समुद्राकाठी हाही पुरावा अपुरा, असे त्यांनी लगेच जोडले, कारण मिठातले क्लोराइड काँक्रीट गुलाबी असतानाही सळईवरचा संरक्षक थर भेदते. अर्धवट खरे असलेले हे दोन निष्कर्ष पुढे करून आमच्या हातात हवा तो दाखला ठेवणे त्यांना सहज शक्य होते, आणि आम्हाला त्यातले काहीही कळले नसते.

त्यानंतर त्यांनी कोपऱ्यातला कॉलम उघडायला सांगितला. वर टेकू लावून, भार उतरवून, त्यांच्या हाताखालच्या मुलग्याने छिन्नीने गिलावा काढला. गिलाव्याबरोबर काँक्रीटची वीतभर खपली आपोआप सुटून आली, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलत राहतो. खपलीच्या आतल्या बाजूला सळईचा ठसा उमटलेला होता, तपकिरी, पेर असलेला, ओल्या मातीत उठलेल्या पायासारखा. मॅडमनी उभ्या सळयांना बांधणारी एक रिंग दोन बोटांत धरली आणि ती शंकरपाळ्यासारखी मोडली. मुख्य सळई घासून मोजली तेव्हा सोळा मिलिमीटरच्या जागी बारा भरली. चारच मिलिमीटर कमी, असे आम्हाला वाटले. त्यांनी वहीवर गणित मांडून दाखवले की छेदाचे क्षेत्रफळ धरले तर जवळजवळ चव्वेचाळीस टक्के लोखंड गेले आहे. आई दारात उभी होती. तिची खाट त्या कॉलमपासून चार हातांवर होती.

सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला साइटवर सगळे कव्हर म्हणतात, ते आमच्याकडे कोठे वीस मिलिमीटर होते, तर कोठे बाराच. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत ४५ मिलिमीटर कव्हर आणि किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे. अण्णांनी घर बांधले तेव्हा १९७८ ची आवृत्ती लागू होती, पण तिच्यातही असल्या कॉलमच्या मुख्य सळईला ४० मिलिमीटर कव्हर होतेच. म्हणजे हे ज्ञान तेव्हा नव्हते असे नाही; ते अण्णांपर्यंत कोणी पोहोचवले नाही. हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणाऱ्या तपासणीत, तीन कॉलमचे वाचन उणे चारशेवीस मिलिव्होल्टच्या आसपास आले. उणे साडेतीनशे मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेले, तर तेथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानतात.

सर्वांत जड गेले ते वाळूचे. ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून ती क्लोराइडसाठी प्रयोगशाळेत पाठवली होती. मानकानुसार काँक्रीट ओतताना त्यात क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त असू नये. आमच्या नमुन्यांत ते १.९ च्या घरात निघाले. बाहेरच्या खाऱ्या वाऱ्याने ते शिरले असते तर पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी दिसले असते. आमच्याकडे ते आतबाहेर सारखेच होते, म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून काँक्रीटमध्येच होते. आंजर्ल्याच्या खाडीतली वाळू अण्णांनी होडीने आणवली होती. मिस्त्रीने सांगितले म्हणून आणली आणि न धुता वापरली. मॅडमनी हे सांगताना फार जपून शब्द वापरले. त्या काळात या भागात सगळेच असे करत होते आणि घरमालकाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, असे त्या आईला दोनदा म्हणाल्या. जबाबदारी ठरवताना ज्याला कळत होते आणि ज्याला कळत नव्हते यांत फरक करणे हीसुद्धा सचोटीच आहे, आणि सगळ्या अहवालात मला त्यांचा हा फरक राखण्याचा गुण दिसला.

वाढीव मजल्याचा दाखला अर्थातच मिळाला नाही. दादाने खूप विनवण्या केल्या. कर्ज मंजूर व्हायच्या बेतात होते, पाच ट्रक चिरा अंगणात येऊन पडला होता. आम्ही कुटुंब म्हणून स्टँपपेपरवर जबाबदारी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा, असेही तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लिहून द्याल, पण वर झोपायला येणारा पुण्याचा पाहुणा मला कोठे काय लिहून देणार आहे? त्याने तर मला पाहिलेलेही नाही." माझ्या मते अभियंत्याच्या नीतीचा गाभा या एका वाक्यात आहे. फी आम्ही देतो, त्यामुळे अभियंता आमचा असे आम्ही धरून चालतो. पण त्याच्या सहीवर ज्यांचा जीव अवलंबून असतो ते बहुतेक वेळा व्यवहारात कोठेच नसतात. ते पाहुणे असतात, भाडेकरू असतात, पुलावरून जाणाऱ्या एस.टी.तले प्रवासी असतात. वास्तुविशारदांसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे आणि नोंदणी करणारी परिषद आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी देशभर लागू असा कायदा नाही, परवाने त्या त्या स्थानिक संस्थेपुरते असतात. त्यामुळे कोकणातल्या गावात हा अदृश्य तिसरा माणूस जपायचा की नाही, हे बरेचसे त्या एकट्या अभियंत्याच्या मनावरच राहते, आणि ही स्थिती मला काळजीची वाटते.

नकार देऊन त्या थांबल्या असत्या तरी मी त्यांना चांगलेच म्हटले असते. त्यांनी त्याच दिवशी हाताने लिहिलेले एक पानी पत्र दिले : मागच्या बाजूच्या वरच्या दोन खोल्या आणि आईची खोली ताबडतोब रिकामी करावी, कोपऱ्यातल्या बीमखाली टेकू ठेवावेत, गच्चीवरची टाकी उतरवावी. आठ दिवसांनी पाहायला येईन, आणि खोल्या वापरात दिसल्या तर ग्रामपंचायत आणि तहसीलदार यांना लेखी कळवीन, असेही शेवटी होते. दिवाळीची आगाऊ नोंदणी झालेली होती. दादा संतापला, हे आपल्याच पैशाने आपल्याच घरावर बसवलेले पोलीस आहेत असे म्हणाला.

तो शांत झाला तो मालवणमुळे. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, ही गोष्ट तेव्हा सर्व कोकणाच्या मनात ताजी होती. कोसळण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नटबोल्ट गंजत असल्याचे कळवले होते, हे वर्तमानपत्रांतून आले होते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्याच्याही गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. मॅडमनी दादाला एवढेच सांगितले की पत्र लिहिले म्हणजे काम संपले असे समजणारे पुष्कळ भेटतात. पत्र पोहोचल्यावर खोली रिकामी झाली की नाही हे पाहणे त्या आपल्या कामातच धरतात. आठव्या दिवशी त्या खरोखरच आल्या. चिपळूणहून दापोलीमार्गे हर्णै हा रस्ता काही जवळचा नाही, आणि त्या फेरीचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

पाहुण्यांना नोंदणी रद्द करताना काय कारण सांगायचे, यावरही आमचा वाद झाला. पाण्याची अडचण आहे असे सांगावे, असे वहिनीचे मत होते. मॅडमचे म्हणणे होते की खरे कारण सांगा, कारण गेल्या वर्षी त्याच खोलीत राहून गेलेल्यांनाही ते कळण्याचा हक्क आहे. या संदर्भात त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीची हकीकत सांगितली आणि मी ती नंतर वाचून काढली. १९७८ साली, इमारत उभी राहून गेल्यावर, तिचे अभियंता विल्यम लमेझुरियर यांच्या लक्षात आले की सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले गेले आहेत आणि कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला ते पुरे पडणार नाहीत. त्यांनी चूक लपवली नाही, मालकांना सांगितली, आणि रात्री-रात्री सांधे वेल्ड करून घेतले. म्हणून त्यांचे उदाहरण सचोटीचा नमुना म्हणून शिकवतात. परंतु आजूबाजूच्या रहिवाशांना खरा धोका सांगितला गेला नाही, आणि सगळी हकीकत लोकांपुढे यायला १९९५ साल उजाडले. मॅडमना त्यातला पहिला भाग वंदनीय वाटतो, दुसरा नाही. माझेही मत तेच झाले. आम्ही सर्वांना फोन करून खरे सांगितले. दोन कुटुंबांनी पुन्हा कधी फोन केला नाही, एकाने मात्र आगाऊ रक्कम परत घ्यायला नकार दिला आणि दुरुस्ती झाल्यावर येतो म्हणून कळवले.

दुरुस्ती जानेवारी ते एप्रिल २०२५ चालली. सैल काँक्रीट काढणे, सळया पांढऱ्या होईपर्यंत घासणे, नव्या सळया जोडून कॉलमला चारी बाजूंनी नव्या काँक्रीटचे जॅकेट चढवणे, असे ते काम होते. ठेकेदार सुचवा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, तेव्हा मला राग आला होता. पण ठेकेदाराकडून किंवा केमिकलच्या विक्रेत्याकडून टक्का घेणारा सल्लागार त्यांच्यावर देखरेख काय करणार, हे पुढे पटले. केमिकलच्या एका वितरकाशी आपले नाते आहे, तो आपला आतेभाऊ लागतो, हेही त्यांनी न विचारता सांगितले आणि मालाचे फक्त गुणधर्म लिहून दिले, ब्रँड लिहिला नाही. साइटवर त्या आठवड्यातून एकदा येत. एकदा गवंड्याने भिंतीला सलग दिसावे म्हणून साच्याच्या फळ्या आत सरकवल्या होत्या. मॅडमनी कव्हर ब्लॉक, म्हणजे कव्हर राखायला ठेवलेले ठोकळे, मोजले, पंचेचाळीसच्या जागी तीस भरले, आणि बांधलेली सगळी पेटी उकलायला लावली. आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते, म्हणून तेही तपासायला पाठवले. क्लोराइड लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघाल्यावर टँकरचे पाणी आणावे लागले. अण्णांच्या वेळी वाळूचे जे झाले, ते पाण्याच्या रूपाने पुन्हा होऊ द्यायचे नव्हते.

उणिवाही लिहायला हव्यात. अहवाल तीन आठवड्यांत देऊ म्हणून सांगितले होते, त्याला पाच आठवडे लागले. तो संपूर्ण इंग्रजीत होता, आणि ज्या बाईच्या खाटेशेजारचा कॉलम त्यात वर्णिला होता, तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. मी मागणी केल्यावर त्यांनी दोन पानी मराठी सारांश दिला, पण तो आपणहून यायला हवा होता. जीएसटी वेगळा लागेल हे आधी स्पष्ट झाले नाही. फोन दिवसा क्वचितच लागतो. आणि दुरुस्तीचा अंदाज त्यांनी सहा लाखांचा दिला होता, प्रत्यक्षात आठ लाख चाळीस हजार लागले. शेवटच्या बाबतीत एवढे म्हणेन की दोन बीम उघडल्यावर अंदाजापेक्षा खराब निघाले, तेव्हा आपला अंदाज चुकला असे त्यांनी लेखी मान्य केले आणि जादा भेटींची फी घेतली नाही. तरीही आमच्यासारख्या घराला जवळजवळ अडीच लाखांचा फरक हलका नसतो, आणि अंदाज देतानाच तो किती वाढू शकतो हे त्यांनी सांगायला हवे होते.

ज्यांना बँकेसाठी किंवा परवानगीसाठी कागद हवा आहे, त्यांना ही सेवा महाग, संथ आणि त्रासाची वाटेल. ज्यांच्या घरात स्वतःची माणसे झोपतात किंवा जे दुसऱ्यांची माणसे झोपवतात, त्यांनी असाच अभियंता शोधावा. निवडताना मी दोनच गोष्टी विचारीन : तुम्ही किती ठिकाणी काँक्रीट उघडून पाहणार, आणि याआधी तुम्ही कोणाला दाखला नाकारला आहे का.

वाढीव मजला झाला नाही. अंगणातला चिरा दादाने वाडीच्या गडग्याला वापरला. आई जून महिन्यात आपल्या खोलीत परत गेली. कोपऱ्यातल्या नव्या कॉलमवर, खाटेवरून दिसेल अशा उंचीवर, मॅडमनी पेन्सिलीने पुढच्या हाफ-सेल तपासणीचा महिना लिहून ठेवला आहे, ऑक्टोबर २०२६. रंगाऱ्याने ते अक्षर पुसू नये म्हणून आईने त्याभोवती हातभर जागा बिनरंगाची ठेवायला लावली.